डावीकडे दीड इंच

बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या एखाद्या डीटीपी सेंटरवर पीएच.डी.चा प्रबंध टाइप होत असताना तासभर बसून पाहावे. संशोधनाचा विषय कोणता, हे कळेलच असे नाही. पण पानाच्या डावीकडे किती जागा सोडायची, यावरची चर्चा मात्र साग्रसंगीत ऐकायला मिळते. संशोधक चाचरत म्हणतो, ‘सव्वा इंच बास होईल ना?’ ऑपरेटर म्हणतो, ‘सर, सव्वा कशाला, पावणेदोन करू की. भारी दिसायलंय.’ तेवढ्यात मार्गदर्शकांचा फोन येतो. ते एकच शब्द बोलतात, ‘दीड.’ मागच्या वर्षी पदवी मिळालेला एक मित्र बाजूच्या स्टुलावर बसलेला असतोच. ‘माझं एकावर भागलं होतं,’ असे सांगून तो चहाची ऑर्डर देतो आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तारखा करणाऱ्या मुलखात कागदाच्या बांधावरून एवढी बोलाचाली व्हावी, यात खरे तर नवल नाही. इथेही प्रश्न जमिनीचाच आहे. फक्त मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस येत नाही, पडद्यावरची पट्टी येते.

दीड इंचाचे कारण साधे आहे. प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधला जातो, वर सोनेरी अक्षरे उमटतात, आणि बाइंडरची शिवण डावीकडचा अर्धा इंच सहज गिळते. उरलेल्या तिन्ही बाजू तो मशीनवर कापून सरळ करतो, तेव्हा तिथलेही दोनतीन मिलिमीटर जातात. म्हणून डावीकडे दीड आणि बाकी तिन्ही बाजूंना एकेक इंच, असा ठोकताळा विद्यापीठांतून चालत आला आहे. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९९४ साली त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले, टाइपरायटर गेले, संगणक आले, बाइंडरचा मुलगा बाइंडर झाला, पण शिवणीला लागणारा अर्धा इंच तेवढाच राहिला.

आता थोडा हिशेब. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच, म्हणजे इंचांत ८.२७ गुणिले ११.६९. चारही बाजूंना एकेक इंच सोडला तर मजकुराला सुमारे ६१ चौरस इंच मिळतात. डावीकडे दीड केला की ५६ उरतात. अर्ध्या इंचाने एवढे काय होणार, असे वाटते; पण २५० पानांचा प्रबंध त्याने २७२ पानांचा होतो. एक शब्द जास्त लिहिलेला नाही, एक संदर्भ जास्त शोधलेला नाही, आणि ज्ञानात २२ पानांची भर पडलेली आहे.

इथेच ऑपरेटरच्या ‘भारी दिसायलंय’चा उलगडा होतो. टाइपिंगचा दर पानावर असतो. मजकूर कुठे संपावा, याबद्दल डीटीपीवाल्याला सौंदर्यदृष्टी असतेच, पण ती दृष्टी पानागणिक दराच्या चष्म्यातून पाहते. संशोधकाची मात्र दोन मने असतात. त्याच्या खिशाला समास छोटा हवा असतो आणि त्याच्या प्रबंधाला जाडी हवी असते. मौखिक परीक्षेच्या दिवशी टेबलावर ठेवताना ‘धप्’ असा आवाज आला नाही तर घरच्यांनासुद्धा एवढी वर्षे काय केले, हा प्रश्न पडू शकतो. शेवटी खिसा हरतो.

जगात समास किती असावा, हे डोळा ठरवतो असे मुद्रणकलेची पुस्तके सांगतात. यान चिखोल्ड या जर्मन मुद्रणकाराने विसाव्या शतकात जुनी हस्तलिखिते मोजून एक प्रमाण मांडले. पान दोनास तीन असेल तर आतला समास दोन भाग, वरचा तीन, बाहेरचा चार आणि खालचा सहा. या हिशेबाने मजकुराला पानाचे अवघे ४४ टक्के मिळतात, उरलेले ५६ टक्के कोरे. हे प्रमाण फार सुंदर दिसते यात वाद नाही. मात्र चिखोल्डने कागदाचे रिम स्वतःच्या खिशातून आणले असते तर काय झाले असते, हे त्या पुस्तकांत दिलेले नाही. बीडच्या बाजारपेठेत समास डोळा ठरवत नाही. कागदाचे पैसे कोण देतो आणि मजुरी कशावर मोजतात, या दोन गोष्टी ठरवतात. उदाहरणार्थ, फ्लेक्स.

फ्लेक्सचा दर चौरस फुटावर. मग तिथे समास? वाढदिवसाच्या फलकावर मध्यभागी उत्सवमूर्ती, वर राज्यपातळीवरचे नेते, खाली जिल्ह्याचे, आणि कडेने एकमेकांना खेटून शुभेच्छुक. काठाला दोर बांधण्यासाठी जी पट्टी सोडावी लागते, तिच्यातही शेवटच्या क्षणी दोन चेहरे बसवले जातात. त्यातल्या एकाच्या कपाळातून पुढे दोर गेलेला दिसतो. लग्नपत्रिकेचेही तेच. मामा, काका, आत्या, निमंत्रक, कार्यवाहक आणि ‘यांच्या उपस्थितीत’ असलेले सगळे मावल्यानंतर जी चिमूटभर जागा उरते, तिच्यात घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांचे आग्रहाचे आमंत्रण बसते. ज्या मुलखात पानागणिक दराचे समास पावणेदोन इंचावर जातात, त्याच मुलखात चौरस फुटाचे समास शून्यावर येतात.

याच्या मधोमध आहे तो कोर्टाचा कागद.

तहसील आणि न्यायालयाच्या आवारात टायपिंगवाल्यांची जी रांग असते, तिथे मुद्रांक कागदावर मजकूर बसवणे ही स्वतंत्र विद्या आहे. मुद्रांकाच्या वरच्या भागात चित्र, किंमत, विक्रेत्याचा शिक्का असे सगळे असते, म्हणून मजकूर निम्म्या पानाखालून सुरू करावा लागतो. २०२४ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने बऱ्याच दस्तांसाठीचे किमान मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये केले, तेव्हापासून तर इथली चूक पाचपट महाग झाली. शंभराच्या कागदावर प्रतिज्ञापत्राची पहिली ओळ चित्रावर चढली तर टायपिंगवाला हळहळायचा. पाचशेच्या कागदावर चढली तर पक्षकार, टायपिंगवाला आणि नोटरी असे तिघे काही क्षण कोणाकडेच पाहत नाहीत.

तर, निम्म्या पानाखालून सुरुवात कशी करायची? इथे दोन संप्रदाय आहेत. पहिला एन्टरवाल्यांचा. हे लोक पानाच्या माथ्यावरून एन्टरचे बटण दाबत दाबत खाली उतरतात, मनात मोजत, आणि बरोबर जागेवर थांबतात. त्यांचा हात इतका बसलेला असतो की पट्टी लागत नाही. अडचण एवढीच, की पुढे कोणीतरी अक्षर एका आकड्याने मोठे करतो. मग कोरी ओळसुद्धा उंच होते आणि सगळा मजकूर घसरत पुढच्या पानावर सह्यांसाठी सोडलेल्या जागेत जाऊन बसतो. दुसरा संप्रदाय मार्जिनवाल्यांचा. हे सुशिक्षित. ते पेज सेटअपमध्ये जाऊन वरचा समास पाच इंच करतात. पहिले पान देखणे निघते. दुसऱ्या पानाचा कागद साधा असतो, पण वर्डला ते माहीत नसते, म्हणून तिथेही मजकूर पाच इंचांखालून सुरू होतो. साक्षीदारांची नावे तिसऱ्या पानावर जातात. पहिल्या पानापुरता वेगळा समास ठेवायचा तर मध्ये ‘सेक्शन ब्रेक’ घालावा लागतो. हे ज्याला येते त्याला त्या रांगेत मान असतो. दुपारी त्याच्याकडे बाकीचे आपली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन येतात.

न्यायालयांनीही समासाची दखल घेतलेली आहे. वर्षानुवर्षे लीगल आकाराच्या हिरव्या लेजर कागदावर, एका बाजूने, ऐसपैस मजकूर, ही दाव्यांची रीत होती. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, टाइम्स न्यू रोमन १४ आकाराचा, ओळींत दीडपट अंतर, डावी-उजवीकडे ४ सेंटिमीटर आणि वर-खाली २ सेंटिमीटर असा नियम केला. कागद वाचावा हा हेतू, आणि दोन्ही बाजूंच्या छपाईने तो वाचतोही. पण मोजून पाहिले तर मजकुराला १३ गुणिले २५.७ सेंटिमीटरची पट्टी उरते, म्हणजे पानाचे साधारण ५४ टक्के. बाकी ४६ टक्क्यांत वकील पेन्सिलीने खुणा करतात. चिखोल्डला हे आवडले असते.

दोन्ही बाजूंनी छापायचे म्हटले की डावी-उजवीचा घोळ सुरू होतो. पान उलटले की शिवण उजवीकडे जाते. पहिल्या पानावर डावीकडे सोडलेला दीड इंच दुसऱ्या पानावर उजवीकडे सोडायला हवा. नाहीतर सम क्रमांकाच्या पानावरच्या ओळींचे शेवटचे शब्द शिवणीत अडकतात. वर्डमध्ये यासाठी ‘मिरर मार्जिन्स’ आहे. शेजारी ‘गटर’ नावाचा एक रकानाही आहे, शिवणीच्या जागेसाठी. पण त्याच्यात हात घालायला आपल्याकडे कोणी सहसा धजत नाही.

या उजव्या-डाव्याची मराठवाड्याला खरे तर जुनी सवय आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते आणि राज्याचा कारभार उर्दूत चाले. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे वहीची शिवणही उजवीकडे. त्याच दप्तरात मोडीचे कागद डावीकडून सुरू होत. मोडी लिहिणारा तर आधी ओळभर आडवी शिरोरेघ ओढून ठेवी आणि मग तिला अक्षरे टांगत जाई. ओळ कुठे संपणार, हे शब्द सुचण्याआधीच ठरलेले. डीटीपीवाला आज उजवी कड सरळ करायला ‘जस्टिफाय’ दाबतो आणि शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढी फट पडलेली बघून डोके खाजवतो. त्या कारकुनाला तो प्रश्नच नव्हता. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाले, तेव्हा मराठवाड्यातली ही जुनी दप्तरे पुन्हा सोडली गेली आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला.

स्वातंत्र्यानंतरच्या दप्तराने समासाचा आणखी एक प्रकार जोपासला. तो ग्रामसेवकांना आणि जिल्हा परिषदेच्या लेखा विभागाला नुसता ऐकूनही घाम फोडतो. लेखापरीक्षक तपासणीच्या वेळी जे शंकापत्र देतात त्याला ‘अर्धसमास’ म्हणतात. पान उभे दोन भागांत; एका भागात आक्षेप आणि उरलेला भाग खुलाशासाठी कोरा. ‘प्रमाणक आढळून येत नाही, खुलासा करावा’ एवढी दीड ओळ एकीकडे, आणि समोर सबंध अर्धे पान पांढरे. छपाईच्या पुस्तकांत कोऱ्या जागेने डोळ्यांना विश्रांती मिळते असे लिहिलेले असते. ते लिहिणाऱ्याला कधी अर्धसमास आला नसावा.

प्रबंधाकडे परत वळायचे तर तिथे आणखी एक गंमत आहे. वर्डच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्या नवे पान उघडले की डावी-उजवीकडे सव्वा इंच सोडत. २००७ पासून चारही बाजूंना एक इंच झाला. ज्याचे संशोधन लांबले, त्याची पहिली प्रकरणे सव्वा इंचात आणि पुढची एका इंचात, असे भूस्तर तयार होतात. शिवाय कित्येक संगणकांत पानाचा आकार मुळात ‘लेटर’ ठेवलेला असतो, साडेआठ गुणिले अकरा इंच. हा अमेरिकेचा कागद. बीडच्या कोणत्याही स्टेशनरी दुकानात तो मागितला तर दुकानदार आंतर्देशीय पत्र काढून देईल. पण छपाईच्या वेळी तो आकार ए-फोरवर उमटतो आणि खालचा समास विनाकारण पाऊण इंचाच्या आसपास फुगतो. याच्या जोडीला मराठीची स्वतःची तक्रार आहे: ओळींतले अंतर ‘एक्झॅक्टली’ करून कमी केले, की वरच्या वेलांट्या आणि रफार छाटले जातात. पाने कमी करण्याच्या नादात ‘तर्क’चा ‘तक’ होतो.

गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे संशोधक या सगळ्याकडे जरा वरून पाहतात, कारण ते ‘लाटेक’ वापरतात. त्याच्या मुळाशी असलेली ‘टेक’ ही प्रणाली डोनाल्ड क्नूथ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने केली. ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये हाती आली, ती त्याला इतकी कुरूप वाटली की पुस्तक बाजूला ठेवून तो जुळणीची प्रणालीच बनवायला बसला. आपल्याकडे लेखक वाईट मुद्रित पाहून प्रकाशकाला फोन करतो. हा माणूस त्यात कित्येक वर्षे गुंतला. पुढे लेस्ली लॅम्पोर्टने १९८०च्या दशकात तिच्यावर लाटेक रचले.

या प्रणालीत समास बदलायला निघालेल्या नवख्याची जी अवस्था होते, ती पाहण्यासारखी असते. तो डाव्या समासाची किंमत शून्य करतो. छापून पाहतो तर एक इंच समास आहेच. पुन्हा शून्य करतो. पुन्हा एक इंच. कारण तिथे मोजणीच कागदाच्या काठापासून एक इंच आत सुरू होते. शून्य म्हणजे एक इंच, आणि अर्धा इंच हवा असेल तर उणे अर्धा लिहायचा. कोऱ्या कागदावर ऋण समास मागणे हे गणिताच्या माणसालाच सुचू आणि सोसू शकते. विषम पानांचा समास वेगळा, सम पानांचा वेगळा, मजकुराची रुंदी वेगळी, शीर्षकाची उंची वेगळी, आणि एक ओढले की दुसरे हलते. अखेर हिदेओ उमेकी या जपानी माणसाने ‘जॉमेट्री’ नावाचे जोडसाधन लिहिले, त्यात ‘डावीकडे दीड इंच’ असे सरळ सांगता येते. तरीही लाटेकचे जाणकार आधी समजावतात, की मुळात एवढे रुंद समास मुद्दाम आहेत. ओळीत साठ-सत्तरपेक्षा जास्त अक्षरे गेली तर डोळा पुढची ओळ चुकतो. नवखा मान डोलावतो आणि समास एक इंच करतो.

बीड जिल्ह्यात पानाच्या मांडणीचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र संगणकाच्या चारशे वर्षे आधी होऊन गेला आहे. तो करणारे अंबाजोगाईचे दासोपंत, काळ १५५१ ते १६१५. गीतार्णव हा त्यांचा गीतेवरचा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा मानतात. त्यांना लिहायला रोज एका ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. स्टेशनरीच्या खर्चाची ही मराठवाड्यातली बहुधा सर्वांत जुनी नोंद. एवढे लिहिणाऱ्याला पोथीची पाने कशी पुरणार? पोथीत डावी-उजवीकडे उभ्या रेघा मारून समास राखीत, तिथे ग्रंथाचे आद्याक्षर आणि पानाचा आकडा घालीत, सुटलेले अक्षर हंसपदाची खूण करून काठावर लिहीत, चुकलेल्यावर हरताळ फाशीत. हे सगळे पानागणिक. दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिताना पानच बाद केले आणि कापड घेतले. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडी, तिच्यावर ओव्या, जोडीला आकृत्या. ही पासोडी अंबाजोगाईत जपलेली आहे.

आता ४० गुणिले ४ म्हणजे १६० चौरस फूट. ए-फोरच्या हिशेबाने भरतात २३८ पाने. म्हणजे मध्यम अंगाचा एक प्रबंध, ना शिवण, ना रेक्झिन, ना सम-विषम पानांचा घोळ, ना ‘पान क्रमांक मध्ये की उजवीकडे’ हा वाद. आजच्या २५० पानी प्रबंधात डावीकडे दीड आणि बाकी एकेक इंच सोडला तर ४२ टक्के कागद, म्हणजे १०५ पानांएवढी जागा, समासातच जाते. आणि त्या उरलेल्या जागेतही ओळींमध्ये दुप्पट अंतर ठेवायचे असते. पासोडी पानागणिक दराने टाइप करायला दिली असती तर बिल एका पानाचे झाले असते. अंबाजोगाईतला एकही ऑपरेटर हे काम घेणार नाही.

आजच्या प्रबंधाची शेवटची पायरी बाइंडरकडे नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात जाते. तिथे शिवण नाही, दोरा नाही, गोंद नाही, सोनेरी अक्षरे नाहीत. तरीही पडद्यावर उघडलेल्या प्रत्येक पीडीएफमध्ये डावीकडचा दीड इंच इमानेइतबारे येतोच, कारण फाइल तीच असते. केज-धारूरकडचा एखादा नवा संशोधक आधीच्यांचे काम पाहायला ती मोबाइलवर उघडतो, तेव्हा अक्षरे मुंगीएवढी दिसतात. मग तो दोन बोटांनी पान ताणतो, डावीकडची पांढरी पट्टी पडद्याबाहेर ढकलतो, आणि पुढच्या पानावर गेला की ती परत आलेली असते.